तुमच्या पुढे ६० जण

खराडीत कोथिंबीर दहा मिनिटांत येते. रात्री साडेअकराला लक्षात आलं की घरातलं जिरं संपलंय, तरी पावणेबाराच्या आत एक मुलगा हेल्मेटसकट दारात उभा असतो. त्याला दोन मिनिटं उशीर झाला तर आमच्या मजल्यावरचे लोक ॲपवर तक्रार टाकतात. कोथिंबिरीला वजन असतं, देठ असतात. ती गोदामातून निघते, बायपासच्या सिग्नलला अडकते, गेटवर नाव-गाव सांगते आणि लिफ्टने वर येते. ई-पुस्तकाला यातलं काहीच नाही. ना वजन, ना देठ, ना सिग्नल. न्यू जर्सीच्या वाचनालयातून माझ्या टॅबवर यायचं म्हणजे त्याला एका क्षणाचं काम. त्याला लागतात वीस आठवडे.

हा माझा अंदाज नव्हे, ॲपनेच लेखी दिलंय. प्रती ६, तुमचा नंबर ६१, अंदाजे प्रतीक्षा २० आठवडे. मी नंबर लावला अक्षय्य तृतीयेला. म्हणजे आंबे संपणार, वटपौर्णिमा होणार, पालख्या पुण्यात मुक्काम करून पंढरपूरला पोचणार, आणि गौरी-गणपतीच्या सुमारास मला कळणार की पहिल्याच पानावर मेलेल्या त्या बाईला मारलं कोणी.

खराडीतल्या निवृत्त शिक्षिकेचा न्यू जर्सीतल्या वाचनालयाशी काय संबंध, असा प्रश्न इतर कुठेही पडेल, खराडीत पडत नाही. आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिक दोन प्रकारचे. ज्यांची मुलं इऑन आयटी पार्कात आहेत ते, आणि ज्यांची मुलं इऑनमध्ये होती ते. दुसऱ्या प्रकारचे लोक अधूनमधून सहा महिने नातवंडं सांभाळायला जातात आणि येताना मापाचे कप, झिपच्या पिशव्या आणि तिकडच्या वाचनालयाचं कार्ड घेऊन येतात. आई कंटाळू नये म्हणून लेकच पहिल्या आठवड्यात वाचनालयात नेते. तिथे वर्गणी नाही, अनामत नाही. मला काही ते पटेना. मी काउंटरवरच्या मुलीला पुन्हा पुन्हा विचारलं, "आणि डिपॉझिट?" शेवटी लेकीने कोपराने ढोसलं. वर्गणी घरपट्टीतून आधीच वसूल झालेली असते, हे गाडीत बसल्यावर जावयाने जरा कडवटपणे सांगितलं. तेव्हा कुठे माझा त्या वाचनालयावर विश्वास बसला.

तर कार्ड लेकीचं, पिन लेकीचा, टॅब जावयाने टाकून दिलेला आणि वाचणारी मी. तिकडच्या बऱ्याच वाचनालयांची ई-पुस्तकं ओव्हरड्राइव्ह कंपनीच्या लिबी नावाच्या ॲपवरून मिळतात. मी काय मागवलंय ते लेकीलाही दिसतं. "आई, तू हे असलं वाचतेस?" असा मेसेज येतो. तिच्या आठवीच्या दप्तरात मला जे काय सापडलं होतं, त्याची अशी परतफेड चालली आहे.

मला पडलेला पहिला प्रश्न मात्र अगदी मास्तरकीचा होता. फाइलची प्रत संपते कशी? सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचा एक गुलाब साडेतीनशे घरांत एकाच वेळी उमलतो. कोणाला 'तुमच्या पुढे ६० जण आहेत, गुलाब सप्टेंबरात मिळेल' असं उत्तर येत नाही. लेक म्हणाली, "आई, वाचनालय ई-पुस्तक विकत घेतच नाही, नुसतं लायसन्स घेतं. एका लायसन्सवर एका वेळी एकच वाचक." म्हणजे जे एका वेळी लाखभर लोकांना वाचता आलं असतं, त्या पुस्तकाला दम देऊन ठेवलाय की तू कागदाचं आहेस असं समज आणि तसंच वाग.

छापील पुस्तक वाचनालयाने एकदा विकत घेतलं की ते वाचनालयाचं झालं. नंतर ते शंभर जणांना द्या नाहीतर वाळवीला द्या, प्रकाशक विचारायला येत नाही. ई-पुस्तक मात्र बरेच मोठे प्रकाशक २ वर्षांच्या बोलीवर देतात. वाचकाला जे १५ डॉलरला पडतं, त्याचे वाचनालयाकडून पन्नास-साठ डॉलरही घेतात. मुदत संपली की पुस्तक कपाटातून नाहीसं, पुन्हा पैसे मोजा. ११ महिन्यांच्या भाडेकरारावर आयुष्य काढलेल्या पुणेकराला हे चटकन समजतं. म्हणून वाचनालयं हात राखून प्रती घेतात आणि रांग लांबते.

मुदतीऐवजी कधी मोजदाद असते. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने ठरवून टाकलं की ई-पुस्तक २६ वेळा दिलं की संपलं. का, तर छापील प्रतही साधारण तेवढ्या वाचकांत जीर्ण होते. सव्वीस! आमच्या गावच्या वाचनालयात कादंबरी सव्विसाव्या वाचकाच्या हाती पडायची तेव्हा ती नुकती कुठे वयात आलेली असायची. तिचं पहिलं बाइंडिंग व्हायचं त्याच्या कितीतरी नंतर. बाइंडर ती इतकी घट्ट शिवायचा की आतल्या बाजूच्या ओळींची दोन-दोन अक्षरं शिवणीत जायची. ती आपण अंदाजाने लावायची. तारखांच्या शिक्क्यांचा कागद भरला की त्यावर दुसरा डकवायचा, मग तिसरा. शेवटी मागचा पुठ्ठा पुढच्याहून जाड व्हायचा. मधल्या कुठल्यातरी पानावर नायिका नवऱ्याला माफ करायची, तिथे समासात पेन्सिलीने 'साफ खोटं' असं लिहिलेलं. अक्षर बायकी. आणि रहस्यकथा असली तर तिसऱ्याच पानावर 'खुनी डॉक्टर आहे'. खाली वेगळ्या शाईत 'नाही'. त्याखाली तिसऱ्या अक्षरात 'दोघंही गप्प बसा'. असं पुस्तक शंभरावा वाचकसुद्धा अर्ध्यात टाकत नसे, कारण आता निकाल लावणं आलं.

हार्परकॉलिन्स परवडलं म्हणायची वेळ २०१९ मध्ये आली. त्या नोव्हेंबरात मॅकमिलन या प्रकाशकाने नियम लागू केला की नवं ई-पुस्तक आलं की पहिले ८ आठवडे प्रत्येक वाचनालय व्यवस्थेला एकच प्रत मिळेल. गाव लहान असो की महानगर, प्रत एक. हे पुण्याला लागू करून बघा. खराडी ते खडकवासला एक प्रत! ती आधी कोणाच्या प्रभागात जाणार यावरून सर्वसाधारण सभा तीनदा तहकूब झाली असती, आणि तेवढ्यात ८ आठवडे निघून गेले असते. अमेरिकेत सभा तहकूब करायची पद्धत नसावी. तिथल्या कित्येक वाचनालयांनी सरळ मॅकमिलनची ई-पुस्तकं घेणं थांबवलं आणि मार्च २०२० मध्ये कंपनीने तो नियम मागे घेतला.

त्याच मार्चमध्ये वाचनालयांना कुलपं लागली, तेव्हा इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने स्वतःकडच्या स्कॅन केलेल्या पुस्तकांपुढची रांगच काढून टाकली. कोणीही या, कितीही जण या. जूनमध्ये चार मोठे प्रकाशक कोर्टात. त्यांचा राग नुसत्या मोडलेल्या रांगेवर नव्हता, स्कॅन करून पुस्तक द्यायच्या मूळ पद्धतीवरच होता. २०२३ साली निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागला, २०२४ मध्ये अपिलातही तोच राहिला, आणि लाखो पुस्तकं वाचकांच्या हातून गेली. आपल्याकडे माणूस 'मी फक्त एक विचारायला आलोय' म्हणत थेट खिडकीपाशी जातो, काम करून घेतो आणि वर मागच्यांना 'चालू द्या' म्हणून निघून जातो. त्याच्यावर कधी खटला भरल्याचं ऐकिवात नाही.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. अजून जगभर ते शिकवतात. त्यातला चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. ॲप तो आपल्या परीने पाळतं असं म्हणायला हवं. जे पुस्तक वाचण्यात माझे दोन दिवस गेले असते, ते न देऊन त्याने माझे दोन दिवस वाचवले.

तसं वाट बघून वाचणं आपल्या अंगवळणी आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि मराठी माणसाला फराळाइतकंच अंकांचं व्यसन लागलं. सगळे अंक विकत घेणं कोणालाच परवडत नाही, म्हणून वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना आल्या. एकदा वर्गणी भरा, होळीपर्यंत वाचा. पहिल्या आठवड्यात काउंटरवर जी झोंबाझोंबी होई तिला मी साहित्यप्रेम म्हणणार नाही. ज्याला पाडव्याला हवा तो अंक मिळाला, तो आठवडाभर मान वर करून चाले. आमच्यासारख्यांना तो फेब्रुवारीत मिळे. शब्दकोडं भरलेलं, तेही शाईने आणि चुकीचं. व्यंगचित्रांपैकी जरा बरं जे असेल ते फाडून नेलेलं. फायदा एकच, वार्षिक राशिभविष्य. पाडव्याला वाचणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवावा लागतो. फेब्रुवारीत वाचणाऱ्याकडे तीन महिन्यांचा पुरावा तयार असतो. 'डिसेंबरात वाहनसौख्य' वाचलं आणि त्याच महिन्यात आमची लूना चोरीला गेली होती, तेव्हापासून मी भविष्य बघणं सोडलं. हे ज्ञान मला पहिल्या नंबराने अंक मिळून कधीच झालं नसतं.

पण त्या रांगेत माणसं दिसत. कोण पुढे आहे, तो का पुढे आहे आणि त्याला मागे कसं ओढायचं, हे सगळं माहीत असे. आमच्या ग्रंथपालांच्या टेबलाला उजव्या हाताला एक खण होता. मागणी असलेलं पुस्तक परत आलं की ते कपाटात न जाता त्या खणात जाई, आणि खणातून ज्याचं त्याला. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिला मी गणितात कधी वाढवून मार्क दिले नाहीत. देणार नाही असंही कधी बोलून दाखवलं नाही. एवढ्यावर मला तीन वर्षं खणातली पुस्तकं मिळाली. ती दहावी झाली त्या जूनमध्ये मी पुन्हा कपाटावर आले.

ॲपला खण नाही. मी लेकीला म्हटलं, "अगं, त्या काउंटरवरच्या मुलीला जाऊन सांग ना, आई वाट बघतेय म्हणून." "आई, तसं नसतं." मग काय असतं? रांग खराडीकराला नवी नाही. फ्लॅटच्या पझेशनला रांग, टँकरला रांग, सकाळी नऊला लिफ्टला रांग. पण बिल्डरच्या ऑफिसात जाऊन आवाज चढवता येतो, टँकरवाल्याला फोनवर दादा-भाऊ करता येतं आणि सिग्नलला दुसरं काही नाही तरी हॉर्न वाजवता येतो. इथे साठ बिनचेहऱ्याची माणसं माझ्यापुढे वाचत बसली आहेत. त्यांतली निम्मी पुस्तक उशाशी ठेवून झोपली असणार अशी माझी खात्री आहे, आणि मी त्यांच्या दाराची बेल वाजवू शकत नाही.

बरं, येतात तेव्हा पुस्तकं झुंडीने येतात. महिनोन् महिने शुकशुकाट, आणि घरात पाहुणे, गॅसवर उकडीचं पाणी, अशा मुहूर्तावर एकाच रात्रीत तीन. मध्यरात्री टॅब वाजतो, कारण तिकडे भर दुपार. तीन दिवसांत घ्या, नाहीतर पुढच्याला देतो. घेतलं की चौदा दिवसांनी आपोआप परत जातं. पूर्वी पुस्तक ठेवून घेतल्याचा दंड भरावा लागे, आता ती चैनही उरली नाही.

यावर आमच्या बी विंगमधल्या साहेबांनी तोड काढली आहे. हे निवृत्त बँक मॅनेजर, सगळे त्यांना साहेबच म्हणतात. अमेरिकेतल्या वाचनालयाचं पुस्तक किंडलवर घेता येतं, आणि किंडलचं नेट बंद असेल तर मुदत संपल्याचं त्याला कळत नाही. पुस्तक तिथेच राहतं. त्यामुळे साहेबांचं किंडल कायम फ्लाइट मोडवर. साहेब कट्ट्यावर बसून वाचतात आणि किंडल विमानात असतं. यात कोणाचं नुकसान नाही, वाचनालयाच्या हिशेबी ते परत गेलेलंच असतं, हे ते आम्हाला बँकेतल्यासारखं नावे-जमा मांडून समजावतात. अडचण एकच. नेट लावलं तर जुनं पुस्तक जातं, न लावलं तर नवं येत नाही. त्यामुळे साहेब वर्षातून मोजकीच पुस्तकं वाचतात, पण अत्यंत सावकाश.

रांगेला कंटाळून मी एकदा त्या ॲपवर 'मराठी' शोधलं. काय सांगू! जे थोडंथोडकं होतं त्यातल्या एकाही पुस्तकाला रांग नव्हती. 'आत्ता उपलब्ध, आत्ता उपलब्ध.' ज्या मराठीतल्या अंकासाठी मी काउंटरवर कोपरं मारली, तिच्यापुढे तिकडे चिटपाखरू नाही. आणि इकडे तर वेगळीच तऱ्हा. मराठी ई-पुस्तकं विकत मिळतात, आपल्या पुण्याच्या बुकगंगावर ढिगाने मिळतात. ई साहित्य प्रतिष्ठान तर ती फुकट वाटतं. पण वाचनालयाचं सभासद व्हावं आणि घरबसल्या नवी मराठी कादंबरी पंधरा दिवस टॅबवर घ्यावी, ही सोय मला अजून तरी कुठे भेटलेली नाही. आपला ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्याच्या अनुदानावर अ वर्गापासून ड वर्गापर्यंतची वाचनालयं चालतात आणि वाढीव अनुदानाची वाट बघतात. पुस्तकाच्या रांगेत उभं राहायला मिळणं हीसुद्धा श्रीमंती आहे, हे मला त्या 'आत्ता उपलब्ध'ने शिकवलं.

छापील हवं असेल तर शहरात जायचं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, म्हणजे भिडे वाड्यातल्या शाळेच्याच वर्षीचं, आणि आहेही त्याच बुधवार पेठेत. रिक्षाने रामवाडी, तिथून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, कसबा पेठेला उतरून चालायचं. गुडघे साथ देतील त्या दिवशी ही सहल सुंदर होते. नाही देत त्या दिवशी क्लबहाऊसमधली 'रीडिंग लाउंज'. ब्रोशरवर तिथे एक गोरी बाई पाय वर घेऊन वाचत बसली होती. प्रत्यक्षात काचेचं एक कपाट आहे. त्यात जावाची जुनी गाइडं, कॅटच्या परीक्षेची तयारी, बाळाच्या नावांचं पुस्तक आणि एका विश्वकोशाचा फक्त चौथा खंड. कपाटाला कुलूप. किल्ली मॅनेजरकडे, आणि मॅनेजर राउंडला.

आता त्या मेलेल्या बाईकडे येते. जुलैत कट्ट्यावर बोलताना साहेब म्हणाले, "एका रहस्यकादंबरीसाठी थांबलोय, लेखिका अमेरिकन आहे." नाव सांगितलं. तीच! वाचनालयही तेच, त्यांचा मुलगा आणि माझी लेक एकाच काउंटीत. मी विचारलं, "नंबर किती होता तुमचा?" "अठ्ठावन्न." साठ बिनचेहऱ्याच्या माणसांपैकी एकाला एकदम चष्मा, मफलर आणि फ्लॅट नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे अळूवड्या पाठवल्या. सोबत निरोप, "तुमचं आलं की जरा भराभर वाचा."

साहेबांचं माझ्या आधी पंधरा दिवस आलं. माझं गौरी बसल्या त्या रात्री. घर पाहुण्यांनी भरलेलं, तिसऱ्या प्रकरणापुढे माझी गाडी जाईना. तेवढ्यात दुपारी बेल वाजली. दारात साहेब, हातात डबा. वहिनींनी केलेले बेसनाचे लाडू. त्यांचा खराडीतला नातू आला होता, त्याने किंडलवर काहीतरी शोधायला वायफाय लावलं आणि शेवटची चाळीस पानं राहिलेली असताना पुस्तक गेलं. पुन्हा नंबर लावला तर ५३ जण पुढे.

"मॅडम," साहेब म्हणाले, "तुमचं अजून आहे ना?"

मी त्यांना सोफ्यावर बसवलं, टॅब हातात दिला आणि चहा टाकायला आत गेले. एका वेळी एकच वाचक, नियम म्हणजे नियम. अर्ध्यापाऊण तासाने बाहेरून टॅब टीपॉयवर ठेवल्याचा आवाज आला.

"वाटलंच होतं मला!" साहेब खूश होऊन ओरडले. "अहो मॅडम, तो..."

मी मिक्सर सुरू केला.